स्लाइडवरचं केसाचं मूळ

"मॅडम, शिवू का?"

ऑपरेशन थिएटरमधून डॉ. प्रभुदेसाईंचा हा तिसरा फोन होता. माझ्यासमोर मायक्रोस्कोपखाली एक स्लाइड होती. स्लाइडच्या कडेला जांभळ्या पेशींचा एक लहानसा पुंजका दिसत होता. तो कॅन्सर आहे की केसाचं मूळ, एवढंच मला सांगायचं होतं.

"दोन मिनिटं द्या," मी म्हटलं.

"दहा मिनिटांपूर्वीही दोनच मिनिटं म्हणाला होतात. पेशंटचं बीपी चढतंय. शुद्धीवर आहेत त्या, किती वेळ लागेल म्हणून मला विचारतायत."

मी पॅथॉलॉजिस्ट. पॅथॉलॉजिस्ट म्हटलं की लोकांना रक्त-लघवी तपासणारी लॅब आठवते. ते काम असतंच. पण ऑपरेशनमध्ये शरीरातून काढलेला प्रत्येक तुकडा शेवटी आमच्या टेबलावर येतो. तो काय आहे आणि सगळा निघाला का, हे आम्ही सांगतो. बत्तीस वर्षं मी हे केलं. त्यातली शेवटची एकोणीस पनवेलच्या एका हॉस्पिटलात. आमची आणि पेशंटची सहसा गाठ पडत नाही. या पेशंटला, अनुसयाबाईंना, मात्र मी ऑपरेशनच्या आठवडाभर आधी भेटले होते, आणि पुढे जे झालं त्यात या भेटीचा वाटा आहे.

प्रभुदेसाई आमचे प्लास्टिक सर्जन. हात चांगला, माणूसही सरळ. त्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम ओपीडीत बोलावलं. समोर करंजाच्या अनुसयाबाई बसल्या होत्या. वय सत्तावन्न. पहाटे करंजा बंदरावर लिलावात मासळी घ्यायची आणि उरणच्या बाजारात बसून विकायची, हे काम त्या लग्नानंतर लगेच करायला लागल्या होत्या, आणि तेव्हाही करत होत्या. सोबत त्यांची मुलगी सुगंधा होती. ती न्हावा-शेव्याच्या एका कंटेनर यार्डात ऑफिसचं काम करायची. अनुसयाबाईंच्या डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाला लागून, वाटाण्याएवढा काळा डाग होता. कडा चकचकीत, मध्ये खळगा. चार वर्षं तीळ म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. तोंड धुताना रक्त यायला लागलं तेव्हा त्या आल्या. बायोप्सीचा रिपोर्ट मीच दिला होता. बेसल सेल कार्सिनोमा.

हा कातडीचा कॅन्सर. सावकाश वाढतो, शरीरात दूर सहसा पसरत नाही. पण आहे तिथेच खणत जातो. पूर्ण काढला तर विषय संपतो. थोडा जरी राहिला तर आतल्या आत पुन्हा वाढतो.

पूर्ण निघाला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून डागाभोवती थोडी चांगली कातडीही काढायची. या चांगल्या कडेला मार्जिन म्हणतात. पाठीवर गाठ असेल तर बोटभर कड काढता येते. इथे एका बाजूला डोळा होता आणि दुसऱ्या बाजूला नाक. काढायला जागाच नव्हती.

प्रभुदेसाईंनी मला विचारलं, "कसं करूया?"

दोन रस्ते होते. पहिला रस्ता असा: डाग काढायचा, जखम शिवायची नाही, ड्रेसिंग करून पेशंटला घरी पाठवायचं. मग आम्ही त्या तुकड्याची बाहेरची कड, आंब्याची साल काढावी तशी, सगळीच्या सगळी सोलून सपाट करतो आणि ती पूर्ण तपासतो. सालीवर कुठेही कॅन्सर दिसला तर तेवढ्याच जागेवरून आणखी काढायचं. चार-पाच दिवसांनी, सगळं स्वच्छ आहे याची खात्री झाली की जखम बंद करायची. दुसरा रस्ता फ्रोझन सेक्शनचा. पेशंट टेबलावर असतानाच तुकडा लॅबमध्ये येतो. तो गोठवून त्याचे बारीक काप काढायचे आणि अर्ध्या तासात उत्तर द्यायचं. काम एका बैठकीत होतं. पण ते काप पावाच्या स्लाइससारखे असतात. तुम्ही चार स्लाइस बघता. दोन स्लाइसच्या मधे बुरशी असेल तर ती दिसत नाही. शिवाय गोठवलेल्या कापात पेशी सुरकुततात, नेहमीसारख्या स्वच्छ दिसत नाहीत.

प्रभुदेसाईंनी अनुसयाबाईंना दोन्ही रस्ते सांगितले.

"दोन येला यायचा?" त्या म्हणाल्या. "नाय ओ, डाक्तर. एक तारखेला पावसाली बंदी उठतंय, बोटी सुटतान. मी बंदरावर नसली त माझी जागा दुसरी बाय घेल. काय ता एकाच येलेला करा."

"आई, पाच दिवसांचाच प्रश्न आहे," सुगंधा म्हणाली.

"पाच दिस तोंडाला भोक घेऊन बसू?"

प्रभुदेसाई माझ्याकडे बघून म्हणाले, "फ्रोझनवर करू. मॅडम आहेत ना."

डोळ्याच्या कोपऱ्यात पहिलाच रस्ता बरा, हे मला माहीत होतं. मी एकदा तसं म्हटलंही. पण जोर लावला नाही. माझ्यावर कुणी विश्वास टाकला की मला बरं वाटायचं. त्या दिवशीही वाटलं.

ऑपरेशनच्या दिवशी तुकडा आला तो रुपयाच्या नाण्याएवढा. घड्याळाच्या बाराच्या जागी सर्जनने रेशमी टाका घातला होता. कुठली बाजू कपाळाकडची, कुठली नाकाकडची, हे त्यावरून कळतं. मी चारही बाजूंना वेगवेगळी शाई लावली. मायक्रोस्कोपखाली शाई दिसते. कॅन्सर शाईपर्यंत पोचला असेल तर तो कापलेल्या कडेला आहे, म्हणजे उरलेला भाग पेशंटच्या अंगात आहे. नीलमने, माझ्या टेक्निशियनने, तुकडे गोठवले, काप काढले, रंगवले. नीलम माझ्यासोबत चौदा वर्षं होती. तिचे काप कधी वाईट नसत.

कपाळाकडची कड स्वच्छ. गालाकडची स्वच्छ. डोळ्याकडची स्वच्छ. नाकाकडच्या कडेला तो पुंजका. शाईला अगदी लागून.

नाकाच्या कातडीत केसांची मुळं खच्चून भरलेली असतात. ती तिरकी कापली गेली की हुबेहूब या कॅन्सरसारखी दिसतात, तशाच जांभळ्या, दाटीवाटीने बसलेल्या पेशी. बहुतेक वेळा अशी शंका केसाच्या मुळावरच संपते. फरक कळण्यासाठी आणखी खोल काप घ्यायचा. पुंजका पुढे जाऊन केसाची नळी झाला तर ते मूळ.

"नीलम, नाकाकडचा आणखी खोल घे."

"मॅडम, तुकडा फारसा उरला नाही. ब्लेडही बदलावं लागेल. दहा मिनिटं जातील."

तेवढ्यात तो तिसरा फोन आला.

मी फोन कानाला धरून पुन्हा मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं. एका बाजूने पेशी रांगेत उभ्या वाटत होत्या, ते कॅन्सरचं लक्षण. दुसऱ्या बाजूने गोल वाटत होत्या, ते मुळाचं.

"नाकाकडून आणखी दोन मिलिमीटर घेऊ शकतो मी," प्रभुदेसाई म्हणाले. "पण मग अश्रूंची नळी जाणार. डोळा आयुष्यभर गळत राहील. उगाच करायचं नाही मला. तुम्ही सांगा."

"फ्री आहे," मी म्हटलं. म्हणजे कड स्वच्छ आहे.

"नाकाकडची पण?"

"हो. शिवा."

नीलमने माझ्याकडे पाहिलं. थिएटरमध्ये प्रभुदेसाईंनी कपाळाची कातडी फिरवून खड्ड्यावर बसवली आणि शिवली. याला फ्लॅप म्हणतात. फ्लॅप छान बसला की खड्डा होता हेसुद्धा कळत नाही. खाली काही राहिलं असेल तर तेही कळत नाही.

फ्रोझननंतर उरलेला तुकडा आम्ही फॉर्मालिनमध्ये टाकतो, मेणात बसवतो आणि पुन्हा काप घेतो. हा पक्का रिपोर्ट. सहा दिवसांनी मी ते काप पाहिले. नाकाकडच्या तुकड्यात पुंजका नव्हता. ते केसाचं मूळ होतं आणि संपलं, असं असू शकत होतं. किंवा तो भाग गोठवलेल्या कापांबरोबर यंत्रातच भुगा होऊन गेला होता. कोणतं खरं, हे सांगता येत नव्हतं. रिपोर्टमध्ये लिहायला हवं होतं की फ्रोझनला नाकाकडच्या कडेवर एक संशयास्पद जागा होती, पक्क्या कापात ती आलेली नाही, पेशंटवर बारीक लक्ष ठेवावं. एवढ्या तीन ओळी. मी लिहिलं, ऑल मार्जिन्स फ्री ऑफ ट्यूमर. सही केली. फोनवर एकदा दिलेलं उत्तर मला कागदावर मागे घ्यायचं नव्हतं. तेव्हा मी स्वतःशी हे असं म्हटलं नव्हतं. तेव्हा पक्क्या कापात काही नाही म्हणजे काही नाही, असं म्हटलं होतं.

दोन वर्षांनी प्रभुदेसाई स्वतः लॅबमध्ये आले. ते एरवी फोन करत. दार लावून ते समोरच्या स्टुलावर बसले.

"करंजाच्या अनुसयाबाई आठवतात?"

आठवत होत्या.

"डावा डोळा बाहेरच्या बाजूला वळत नाही. दोन-दोन दिसतं. एमआरआय केलाय. खोबणीत गाठ आहे, डोळ्याच्या मागेपर्यंत. फ्लॅप वरून एकदम सुंदर आहे, मॅडम. मी बोट फिरवलं तर काही लागलं नाही."

त्या बाहेर बसल्या होत्या. सुगंधाने मला ओळखलं. तिने पिशवीतून माझाच रिपोर्ट काढला. लॅमिनेट केलेला.

"वर्षभरापूर्वी आईच्या नाकाला मुंग्या यायला लागल्या," ती म्हणाली. "मग ती बाजू बधिर झाली. आम्ही जवळच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांना हा कागद दाखवला. ते म्हणाले, यात तर सगळं क्लिअर लिहिलंय, नसेची कमजोरी असेल. आठ महिने ताकदीच्या गोळ्या घेतल्या तिने."

"इकडे का नाही आलात?" प्रभुदेसाईंनी विचारलं.

"क्लिअर होतं ना, सर. क्लिअर असल्यावर कशाला येणार?"

बधिरपणा म्हणजे कॅन्सर नसेच्या कडेकडेने आत सरकत होता. मी वर्गात शिकवलेली गोष्ट. माझ्या तीन ओळी त्या कागदावर असत्या तर त्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नसत्या. असं मला वाटतं. ते सिद्ध करता येत नाही.

त्या दुपारी मी जुनी स्लाइड रॅकमधून काढली. पुंजका तिथेच होता. आता तो मला स्वच्छ कॅन्सर दिसला. पण आता उत्तर माहीत होतं, त्यामुळे माझ्या नजरेला काही किंमत नव्हती. म्हणून ती स्लाइड वाशीच्या एका मैत्रिणीकडे नेली. तीही पॅथॉलॉजिस्ट. तिला काहीच सांगितलं नाही.

तिने बराच वेळ पाहिलं. "फ्रोझन आहे का? हे मी सांगणार नाही. खोल काप दे, मग बोलते."

"खोल काप नाहीये."

"मग सर्जनला सांग, नक्की कळत नाही म्हणून. का? तू काय सांगितलंस?"

मी स्लाइड परत डबीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी मेडिकल सुपरिटेंडेंटच्या केबिनमध्ये गेले. सुधारित रिपोर्ट काढायचा आहे आणि पेशंटला सगळं सांगायचं आहे, असं म्हटलं.

ते शांतपणे म्हणाले, "पुढच्या ऑपरेशनसाठी ती जुनी स्लाइड लागणार आहे का?"

"नाही."

"सुधारित रिपोर्टने त्यांच्या ट्रीटमेंटमध्ये काही बदल होणार आहे?"

"नाही."

"मग स्लाइड रॅकमध्ये ठेवा, मॅडम. मत चुकणं हा गुन्हा नाही. तुमची रिटायरमेंट जवळ आलीय."

"मत चुकलं ते वेगळं. मला शंका आली होती आणि मी ती लिहिली नाही."

"हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

नीलमला माहीत होतं. पण त्यांनी विचारलं ते त्यासाठी नव्हतं. मी सुधारित रिपोर्ट टाइप करून सही केली, आणि एक प्रत घेऊन वॉर्डमध्ये गेले. प्रभुदेसाई म्हणाले, "मीही येतो. घाई माझी होती." मी त्यांना नको म्हटलं. तरी ते आले आणि दाराशी उभे राहिले.

अनुसयाबाई पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या. दोन-दोन दिसू नये म्हणून डाव्या डोळ्यावर पट्टी होती. सुगंधा खिडकीपाशी होती. मी सगळं सांगितलं. शंका आली, बोलले नाही, नंतर लिहिलीही नाही, हे त्याच शब्दांत.

सुगंधाने विचारलं, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. शंका होती."

"मग एक फोन करायचात. आमचा नंबर फॉर्मवर होता."



अनुसयाबाई म्हणाल्या, "तिला कशाला बोलतंस? मनाच घाई व्हती. मीच बोल्ली, एकाच येलेला करा."

"नाही, बाई," मी म्हटलं. "तुम्हाला जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. हे तुमच्याकडे घेऊ नका."

त्यांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. त्या पुढच्या गोष्टीवर गेल्या होत्या.

"डोला जाईल?"

"हो."

"सगला?"

"पापण्यांसकट. आतलं सगळं काढावं लागेल."

"एका डोल्याने मावरा दुरून कलंल का, बाय? लिलावात टोपली लांबून बघाय लागतंय. हात लावाय देत नाय कोनी."

अंतराचा अंदाज दोन डोळ्यांनी येतो. मी तेही खरं सांगितलं. मग सुगंधाने मला बाहेर जायला सांगितलं.

ऑपरेशन मुंबईच्या एका मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात झालं. तिथे त्यांनी जखम उघडी ठेवली आणि सगळी कड सोलून तपासली. रिपोर्ट प्रभुदेसाईंनी मला दाखवला. तो चांगला रिपोर्ट होता. प्रत्येक कडेचं नाव, प्रत्येक कडेचा निकाल. वरची स्वच्छ. खालची स्वच्छ. मागची, नसेच्या टोकाची, पॉझिटिव्ह, म्हणजे तिथे कॅन्सर होता. त्यांनी आणखी मागे जाऊन काढलं. पुन्हा पॉझिटिव्ह. त्याच्या मागे कवटीचं हाड आणि मेंदू. तिथे ते थांबले. मग रेडिएशन झालं. करंजाहून मुंबईला रोज जाणं-येणं, सहा आठवडे. सुगंधाने नोकरी सोडली.

मी एकदा करंजाला गेले. दारात सुगंधा होती.

"आईला भेटा," ती म्हणाली. "माझ्याशी बोलू नका."

अनुसयाबाई पडवीत बसून सुकटीतला कचरा निवडत होत्या. लिलावाला त्या चार दिवस गेल्या होत्या. पाचव्या दिवशी धक्क्याच्या पायरीचा अंदाज चुकला आणि पडल्या. त्यानंतर गेल्या नव्हत्या. त्यांची जागा दुसऱ्या बाईने घेतली होती. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मला चहा दिला. डोकं दुखतं, एवढंच म्हणाल्या. कधीपासून, असं मी विचारलं. महिना झाला, म्हणाल्या. मी चहा तसाच ठेवला. त्या डोकेदुखीचा अर्थ मला कळला होता, आणि तो ऐकून घेऊ शकणारी घरातली एकटी व्यक्ती माझ्याशी बोलत नव्हती. मी प्रभुदेसाईंना फोन केला. त्यांनी सुगंधाला केला. स्कॅनमध्ये कॅन्सर कवटीच्या आत गेलेला दिसला. हा कॅन्सर माणसाला सहसा मारत नाही, असं आम्ही पेशंटना सांगतो, आणि ते बरोबरच आहे. अनुसयाबाई पुढच्या दिवाळीनंतर गेल्या.

सुगंधाने माझ्या सुधारित रिपोर्टची प्रत जोडून तक्रार केली. त्यासाठीच मी ती दिली होती. चौकशी समितीसमोर मी जे घडलं ते सांगितलं. नीलमनेही सांगितलं. समितीत तीन डॉक्टर होते. त्यांनी स्लाइड पाहिली आणि निकाल दिला की अशा स्लाइडवर जाणकारांचीही मतं वेगळी पडू शकतात, त्यामुळे निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. न लिहिलेल्या तीन ओळींबद्दल निकालात एक वाक्य होतं: नोंद करणं अधिक योग्य ठरलं असतं. मी निर्दोष सुटले. बाहेर कॉरिडॉरमध्ये सुगंधा माझ्या शेजारून निघून गेली. तिने मला एक शब्दही सुनावला नाही. सुनावला असता तर मला बरं वाटलं असतं, आणि बहुतेक तिला ते माहीत होतं.

रिटायर होऊन आता दोन वर्षं झाली. आठवड्यातून एकदा मी नव्या पॅथॉलॉजिस्टना शिकवायला जाते. त्यांना मी सांगते की फ्रोझनवर देता येतील अशी तीन उत्तरं असतात. आहे, नाही, आणि नक्की सांगता येत नाही. तिसरं उत्तर सगळ्या पुस्तकांत छापलेलं आहे. ते दिल्यामुळे कुणाची नोकरी जात नाही. सर्जन चिडतो, पेशंट आणखी दहा मिनिटं टेबलावर राहतो. मुलं मान डोलावतात, वहीत लिहून घेतात. मीही त्यांच्या वयात लिहून घेतलं होतं.